सिंड्रेलाचा बाप कुठे गेला?

प्रिय माई,

पत्राखाली तू ‘माई’ एवढंच लिहिलंयस, मुलगी त्याच नावाने हाक मारते म्हणालीस, तर मी पण तेच ठेवते. आणि धाकटी बहीण समजून उत्तर द्या असं लिहिलंयस म्हणून सरळ अगं-तुगं करतेय, चालवून घे.

बाकीच्या वाचकांसाठी पत्र थोडक्यात सांगते. माई नाशिकला असते, लग्नाला दोन वर्षं झाली, नवऱ्याचं हे दुसरं लग्न. त्याची पहिली बायको आजारपणात गेली तेव्हा मुलगी चार वर्षांची होती, आता सात. सगळं बरं चाललं होतं, शाळेतून आली की वर्गातल्या भानगडी आधी माईलाच सांगायची. मग दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणीकडे तिने सिंड्रेला बघितला, तो जुना, डिस्नेचा कार्टूनवाला. दोन दिवसांनी माईने खेळणी उचलून ठेव म्हटलं तर पोरगी म्हणाली, “तू सिंड्रेलाच्या आईसारखीच आहेस, मला कामं लावतेस.” तेव्हापासून हे अधूनमधून चालूच आहे. त्यात सोसायटीतल्या एका मुलाने तिला विचारलं, “तुझी आई सावत्र आहे ना, मारते का?” आजोळच्या आजीचा फोन येतो त्यातही “पोटभर जेवतेस ना गं, कोणी काही बोलत नाही ना” हे असतंच. नवरा म्हणतो कार्टून आहे गं ते, एवढं काय मनाला लावून घेतेस. त्याला कंपनीच्या कामाने आठवड्यातून दोनदा पुण्याला जावं लागतं आणि तो येईपर्यंत मुलगी झोपत नाही, हे तू अगदी शेवटी जाता जाता लिहिलंयस. माईने आता मुलीला काम सांगणंच सोडून दिलंय, सगळं स्वतः आवरते आणि रात्री रडते. विचारतेय की असले पिक्चर घरातून बंदच करू का, आणि पोरांना हे दाखवणाऱ्या पालकांची काही जबाबदारी आहे की नाही.

पिक्चर बंद करू नकोस. तिचं बघून झालंय, आता काढून टाकलास तर तिला एवढंच कळेल की माईला हा पिक्चर झोंबतो, म्हणजे त्यात काहीतरी खरं असणार. आणि बंद करायचे म्हटलं तर किती करशील? १९३७ चा स्नो व्हाइट घे, त्यात सावत्र आई विषारी सफरचंद घेऊन दारात. १९५० चा सिंड्रेला तर तुझ्या घरात येऊन बसलाच आहे. २०१० च्या टँगल्डमधली बाई सावत्र नाही, मूल पळवून आई म्हणून मिरवणारी आहे, पण साचा तोच, जन्म न देता आई झालेली बाई म्हणजे मनात काहीतरी काळंबेरं असणारच. सिंड्रेलाच्या सावत्र आईला जिचा आवाज आहे ना, एलेनॉर ऑडली, तिलाच नऊ वर्षांनी स्लीपिंग ब्यूटीमधल्या दुष्ट जादूगारणीचा आवाज द्यायला बोलावलं, म्हणजे वाईट बाईचा आवाज ठरूनच गेलेला! आणि इंग्रजी सगळं बंद केलंस तरी आपल्या ध्रुवबाळाचं काय करणार, यूट्यूबवर त्याची कार्टून्स ढिगाने पडलीयेत, आजी लोक कौतुकाने लावून देतात.

बरं, ही सावत्र आई गोष्टीत आली कुठून तेही ऐक, मला वाचलं तेव्हा रागच आला होता. जर्मनीत ग्रिम बंधूंनी लोककथा जमवून १८१२ साली पहिलं पुस्तक काढलं, त्यात स्नो व्हाइटला मारायला निघालेली राणी तिची सख्खी आई आहे. हो, सख्खी. १८१९ ची दुसरी आवृत्ती आली तेव्हा ती सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलचंही तसंच, पोरांना जंगलात सोडून येऊ म्हणणारी बाई आधी त्यांची आईच होती, पुढे १८४० च्या आवृत्तीत तिची सावत्र आई केली. पुस्तक घराघरात मुलांना वाचून दाखवायला लागले, मग आईच असं वागते हे काही बरं दिसेना, म्हणून ते पाप सावत्र आईच्या पदरात घातलं, अभ्यासक साधारण असंच सांगतात. तेव्हा बाळंतपणात बायका जायच्याही खूप, घरोघर दुसरी बायको असायची, वाटणीवरून कुरबुरी असायच्या, त्यामुळे लोकांना ते पटलंही असणार. पण सोय म्हणून केलेला बदल दोनशे वर्षं टिकला, त्यावर पिक्चर निघाले, आणि आज नाशिकमध्ये तू खेळणी उचल म्हणायला घाबरतेयस.

हे सगळं नवऱ्याला वाचून दाखव. मात्र मला खरं बोलायचंय ते नवऱ्याबद्दलच, त्यामुळे पुढचं तर दोघांनी बसूनच वाचा.

या सगळ्या गोष्टींमध्ये बाप कुठे असतो? डिस्नेने सिंड्रेला घेतली फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ च्या गोष्टीवरून, त्यात बाप चांगला जिवंत आहे. पेरो स्पष्ट लिहितो की पोरगी बापाकडे तक्रार करायला धजत नव्हती कारण तो उलट तिलाच रागावला असता, पूर्ण बायकोच्या मुठीत होता तो. ग्रिमच्या सिंड्रेलातही बाप जिवंत. राजपुत्र बूट घेऊन दारात येतो, विचारतो अजून मुलगी आहे का घरात, तर हा गृहस्थ म्हणतो, आहे एक, माझ्या गेलेल्या बायकोची, खुरटलेली, राखेत बसणारी, ती काही तुमची नवरी होणार नाही. स्वतःच्या पोरीबद्दल! हॅन्सेल-ग्रेटेलचा बाप थोडं कुरकुरतो आणि पोरांना जंगलात सोडून येतो. डिस्नेला असा बाप दाखवणं जड गेलं असेल, त्यांनी १९५० मध्ये त्याला सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांतच मारून टाकला. स्नो व्हाइटच्या बापाचं तर नावसुद्धा निघत नाही. आपल्याकडे या. सुरुची ध्रुवाला बापाच्या मांडीवरून उठवते, तिथे बसायचं तर माझ्या पोटी जन्म घ्यायला हवा होतास म्हणते, आणि ज्याची मांडी आहे तो उत्तानपाद राजा काय करतो? काही नाही, गप्प. श्रावणातल्या कहाण्यांत आटपाट नगराच्या राजाला एक आवडती आणि एक नावडती, नावडतीच्या वाट्याला हाल, पण हे आवडती-नावडती केलं कोणी ते राजाला कुणी विचारत नाही. पोरांनी तात्पर्य काय घेतलं, तर सावत्र आई वाईट. बाप सुटला.

आणि तुझा नवरा म्हणतो, कार्टून आहे गं ते.

रागाने नाही म्हणत मी, त्याचंही दुःख असणारच, बायको गेली, लहान पोर घेऊन उभा राहिला. तू आलीस आणि मुलीने तुला घेतलं, त्याला वाटलं चला, झालं सगळं सुरळीत, आता यात आपण काही बोललो तर उगाच बिघडेल. पण त्याच्या गप्प बसण्यामुळेच तुझ्या घरात त्या पिक्चरला जागा मिळतेय.

आता ते पुण्याचं. तू ते शेवटी एका ओळीत लिहिलंस, मला वाटतं सगळं तिथेच आहे. सिंड्रेलाची गोष्ट तुझ्या लेकीच्या डोळ्यांनी बघ जरा. आधी आई गेली. मग बाबाने दुसरं लग्न केलं. मग बाबाही गेला आणि मुलगी एकटी त्या बाईच्या हातात राहिली. यातल्या पहिल्या दोन गोष्टी तुझ्या मुलीच्या बाबतीत झाल्यात. तिसरी राहिलीये. सात वर्षांच्या पोरीला हा हिशोब बरोब्बर कळतो, सांगता येत नाही एवढंच, मग ती बाबा पुण्याहून येईपर्यंत जागी राहते आणि खेळण्यांवरून तुला टोचते. तू वाईट आहेस असं तिला वाटतंय असं मला नाही वाटत, तसं असतं तर वर्गातल्या भानगडी तुला सांगितल्याच नसत्या. बाबा गेला तर माझं काय, हा प्रश्न आहे तिचा, आणि तो तुला विचारता येत नाही, बाबालाही विचारता येत नाही, म्हणून सिंड्रेला मध्ये येतेय.

त्यामुळे उत्तर नवऱ्याने द्यायचंय. लेक्चर नको, समुपदेशकाची भाषा तर अजिबातच नको. एखाद्या रविवारी तिघं मिळून तोच पिक्चर परत लावा, हो, मुद्दाम तोच, आणि बाप मरतो तिथे नवऱ्याने पॉज करून म्हणायचं, “हिचे बाबा असते तर काय झालं असतं गं?” आणि मग गप्प बसायचं, हे गप्प बसणं चालेल. ती काय म्हणते ते ऐका. काहीच नाही म्हणाली तर पुढे चालू करा, विषय ताणू नका, उत्तर चार दिवसांनी रिक्षात बसल्यावर येईल कधीतरी. तू मात्र “मी आहे का अशी?” हे चुकूनही विचारू नकोस, त्या प्रश्नाला तिच्याकडे एकच बरं उत्तर आहे आणि ते ती तुला खूश करायला देईल, झालं, तिथेच बोलणं संपलं. मी कधीच मरणार नाही असं खोटं बाबाने सांगायचं नाही, एक आई गेलेली आहे तिची, तिला ते पटणार नाही. पण पुण्याला निघताना किती वाजता येणार ते सांगायचं, पोचल्यावर फोन करायचा, उशीर होणार असेल तर स्वतः तिला कळवायचं, तुझ्यातर्फे निरोप नको. आणि तिने कधी उघड विचारलंच की तुम्हाला काही झालं तर, तर टाळू नका, कोण कोण आहे ते नावं घेऊन सांगा, माई आहे, आजी आहे, काका आहे. मुलांना अशा गोष्टींची नीट यादी लागते.

कामाचं. तू काम सांगणं सोडलंस ते मला अजिबात आवडलं नाही. सात वर्षांच्या मुलीने आपली खेळणी उचलणं, ताट उचलून ठेवणं, दप्तर भरणं याला छळ म्हणत नाहीत, आणि तू ते बंद केल्यावर तिला काय दिसलं तर मी सिंड्रेला म्हटलं की माई घाबरते. हे तिलाही परवडणारं नाही गं, घरातलं मोठं माणूस आपल्याला घाबरतं हे कळलं की मुलं सैरभैर होतात. फक्त सध्या कामं ठरवून देणं बाबाकडे जाऊ दे. दुसऱ्या लग्नाच्या घरांबरोबर काम करणारे लोक हेच सांगतात की सुरुवातीची काही वर्षं शिस्त सख्ख्या पालकाने लावायची, नवीन आलेल्याने आधी नातं जमू द्यायचं. म्हणजे तो फ्रिजवर कागद लावेल त्यात तिघांची कामं, त्याचीही, आणि तू नुसतं कागदाकडे बोट दाखवायचं. पिक्चरमध्येही खरी बोच सिंड्रेला काम करते याची नाहीये, ती राबते आणि त्या दोघी बहिणी लोळतात याची आहे. बाबा भांडी घासताना दिसला की निम्मा सिंड्रेला तिथेच संपेल.

अजून एक, हे जरा नाजूक आहे. मुलीच्या मम्माचा फोटो घरात कुठे आहे? तू लिहिलं नाहीयेस. काही घरांत नवीन बायको दुखावेल म्हणून फोटो कपाटात जातो, सगळ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण मुलीला वाटतं माईवर माया केली की मम्मा पुसली जाणार. मग ज्या दिवशी तुझ्यासोबत खूप हसली त्याच दिवशी संध्याकाळी तुला काहीतरी लागट बोलते, नीट बघ, असं होत असेल. ग्रिमच्या गोष्टीत ती परी आणि भोपळ्याची गाडी नाहीच आहे, ते पेरोचं, तिथून डिस्नेत आलं. ग्रिमची पोरगी आईच्या थडग्याशी हेझल नावाच्या झाडाची फांदी लावते, रोज तिथे जाऊन रडते, त्याचं मोठं झाड होतं आणि त्यावरचा पक्षी तिला नाचाला जायचे कपडे देतो. ही गोष्ट तू सांग तिला. माईच्या तोंडून मम्माबद्दल चांगलं ऐकायला मिळणं याची बरोबरी दुसरं काही करणार नाही.

दुसरे पिक्चर हवेत तर आहेत, औषधासारखे पाजू नकोस म्हणजे झालं. डेस्पिकेबल मी बघितला असेलच तिने, मिनियन्समुळे सगळी पोरं बघतात, त्याचा २०१७ चा तिसरा भाग काढ. त्यात ल्युसीला तीन मुलींची आई व्हायचंय आणि तिला जमतच नाहीये, काहीतरी भलताच सल्ला देते, घोळ होतो, मग मोठीवर कोणी आवाज चढवल्यावर अशी काही अंगावर धावून जाते की बास. तुला पण बरं वाटेल बघून. कुंग फू पांडामध्ये हंसाने वाढवलेला पांडा आहे, २०१६ च्या तिसऱ्या भागात खरा बाप परत येतो आणि हंसबाबा जळफळतो, अगदी माणसासारखा, शेवटी दोन्ही बाप राहतात. फिनिअस अँड फर्ब ही मालिका मला सगळ्यात आवडते ती या बाबतीत, दोघं सावत्र भाऊ आहेत, एकाची आई आणि दुसऱ्याचा बाप, आणि वर्षानुवर्षं त्याचं कोणाला काही पडलेलं नसतं, दोघं आपले अंगणात रोलर कोस्टर बांधतायत.

आणि आपलं महाभारत आहेच की. नकुल-सहदेव माद्रीचे, वाढवले कुंतीने. यक्ष युधिष्ठिराला म्हणतो एकच भाऊ जिवंत करीन, कोण हवा सांग, तर तो भीम नाही मागत, अर्जुन नाही मागत, नकुल मागतो, का तर कुंतीचा मी एक आहे, माद्रीचाही एक राहू दे. ही गोष्ट कैकेयीइतकी का नाही सांगितली जात कोण जाणे.

आता दाखवणाऱ्या पालकांचं. मैत्रिणीच्या आईवर रागावू नकोस, तिने सुट्टीत पोरींना एक बालचित्रपट लावून दिला, स्वयंपाकाला मोकळी झाली, कोणीही तेच करेल. ओटीटीवर २०२१ च्या नियमांनी यू, सात प्लस, तेरा प्लस असं सगळं लिहून येतं, पण ते मारामारी, शिवीगाळ, भीती असल्या गोष्टींसाठी, साच्यातल्या माणसांसाठी नाही. डिस्नेने २०२० मध्ये डंबो, पीटर पॅन, अ‍ॅरिस्टोकॅट्स अशा जुन्या चित्रपटांच्या आधी सूचना टाकली होती की यातलं काही लोकांचं चित्रण चुकीचं आहे, तेव्हाही होतं, आताही आहे. काळ्या लोकांबद्दल, अमेरिकेतल्या आदिवासींबद्दल, आशियाई लोकांबद्दल होती ती, चांगलंच केलं. सावत्र आयांची संघटना नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी कोणी सूचना टाकणार नाही, ती घरातल्यांनीच तोंडी द्यायची.

मला त्या सोसायटीतल्या मुलाच्या आईबापांबद्दल जास्त बोलायचंय. “मारते का?” हे त्याने कार्टूनमधून नाही उचललं गं, जेवणाच्या टेबलावर कोणीतरी बोललेलं असतं, “बिचारी, सावत्र आई आहे तिला”, आणि पोरं तिथेच बसलेली असतात. पिक्चरमध्ये बघितलेलं घरात मोठ्यांनी कबूल केलं की पक्कं होतं. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या मुलाच्या वर्गात, बिल्डिंगमध्ये असं घर असेल तर पिक्चर बघू द्या खुशाल, फक्त त्यानंतर मुलाला त्या घरी खेळायला पाठवा आणि त्यांनाही तुमच्याकडे बोलवा. माई, तू त्या मुलाच्या आईशी भांडायला जाऊ नकोस, जायचंच तर नवऱ्याला पाठव, त्याने नुसतं एवढं सांगितलं की “तुमचा मुलगा असं म्हणाला, आमच्या मुलीला वाईट वाटलं” तरी पुरे. बाप बोलायला आला याचाच परिणाम होतो.

आजोळची आजी वेगळी. तिची लेक गेलीये. ती नातीत लेक शोधतेय आणि तुला बघून तिचा जीव वरखाली होतो, तिच्या प्रश्नांना प्रश्न समजू नकोस. पण नातीला फोनवर असं विचारू नका, जे विचारायचं ते मला विचारा, हे तिला जावयाने सांगायला हवं, प्रेमाने आणि स्पष्ट. आणि तू एक कर, आठवड्यातून एकदा तूच फोन लाव आजीला, मुलीच्या समोर, आज काय केलं, काय खाल्लं, पेपरात किती पडले ते सांग, मुलीच्या मम्माला लहानपणी काय आवडायचं ते विचार. पहिले दोन-तीन फोन अवघड जातील, आजी तुटक बोलेल. लावत राहा.

ता. क. मध्ये तू विचारलंयस की पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे आणि तिला सिंड्रेलाचाच केक हवाय, देऊ का. दे की! निळा फ्रॉक पण दे. केकची ऑर्डर द्यायला मात्र बाबाने तिला घेऊन जायचं, आणि त्या आठवड्यात पुणे नको म्हणावं.